मधमाश्यांना खबर

गेल्या वर्षी मार्चमध्ये माझा नवरा वालेंती गेला. त्याच दिवशी बागेत जाऊन मी मधमाश्यांच्या सातही पेट्यांवर टकटक केली आणि सांगितलं, "बायांनो, मालक गेला. आता मी आहे." आमच्यात सांगावंच लागतं, नाहीतर माश्या मालकापाठोपाठ मरतात. तरी जूनपर्यंत सहा पेट्या मेल्या. उरली एक. तीही गेली असती तर त्याच्या हातचं जिवंत असं माझ्याकडे काहीच उरलं नसतं.

शेजारची पेलागिया कुंपणावर रेलून म्हणाली, "अगं गेनोवेफा, वालेंती कसला मालक? पेट्या त्या जर्मनाच्या. त्याची खबर दिली का कुणी?"

"तुझ्या जिभेला काही हाड आहे का गं?" मी खेकसले. पण अंगावर काटा आला. प्रत्येक झाकणावर त्या जर्मनाचं नाव डागलेलं होतं. पंचेचाळीस साली युद्ध संपलं, सीमा सरकल्या, त्याला इथून हाकललं, आणि पूर्वेकडे बुग नदीपलीकडून हाकललेल्या आम्हाला त्याच्या घरात घातलं. चुलीवरचं सूप अजून कोमट होतं. सत्तावीस वर्षं झाली, माझी दोन गाठोडी अजून बांधलेलीच आहेत. बागेतला तो गुणगुणाट मला कधी आपला वाटला नाही. कुणाला तरी हाका मारल्यासारखा वाटायचा.

त्याच आठवड्यात फाटकाशी मोटार थांबली. माझ्याच वयाची एक बाई उतरली. इर्मगार्ड, त्या जर्मनाची मुलगी.

"घर मागायला आलीस?" युद्धात जर्मनांच्या शेतावर राबताना शिकलेली मोडकीतोडकी भाषा मी बाहेर काढली.

"नाही हो, नुसतं बघायला. बाबा तेव्हा वाटेतच गेले. एका गोठ्यात."

मी तिचा हात धरून तिला ओढतच बागेत नेलं. "सांग यांना. तुझ्या भाषेत."

तिने काही विचारलं नाही. त्यांच्यातही हीच रीत असावी. तीनदा टकटक करून ती झाकणाला ओठ लावून बोलली. गुणगुणाट एकदम थांबला. मग आतून बारीक, संथ आवाज सुरू झाला. पेटीवर डोकं टेकून ती रडली. मीही रडले, खोटं कशाला सांगू?

ती पेटी जगली. यंदा तिच्यातल्या माश्यांनी दुसरी पेटीही भरली.

पण मला मेलीला चैन नाही. माझा बाप इकडे येताना मालगाडीतच गेला. त्याच्या पेट्या नदीपलीकडे राहिल्या. आता ती नदीच सीमा आहे, आणि खबर द्यायला मला ती काही ओलांडू देत नाहीत. आमच्या घरात आता कुणीतरी बाई राहत असेल. तिने कितीही टकटक केली तरी माश्या तिचं ऐकणार नाहीत. त्या अजून माझ्या बापालाच हाका मारत असतील.