उंदीरघरातला वजनकाटा

मी एक वजनकाटा बोलतोय. माझ्यावर सोनं कधी चढलं नाही आणि कांदे-बटाटेही नाहीत. माझ्यावर चढले ते पांढरे उंदीर. हजारो वेळा चढले, घाबरले, डोक्यावर शी-शू करून उतरले. नाक मुरडू नका. त्या उंदरांमुळेच मी आज ताठ मानेनं बोलू शकतो.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर झाला. चष्मा लावलेल्या एका बाईंनी माझ्या पोटातले स्क्रू आवळले. मग माझ्या चारही कोपऱ्यांवर आणि मधोमध तेच वजन ठेवून पाहिलं. पाचही वेळा मी एकच आकडा सांगितला. "शहाणा आहे," असं म्हणत त्यांनी माझ्या पाठीवर हिरवं लेबल चिकटवलं. ती माझी पहिली शाबासकी, आणि बराच काळ शेवटचीही.

तिथून मी औषधशास्त्राच्या एका कॉलेजात आलो. सुरुवातीची वर्षं ऐटीत गेली. काचेच्या खोलीत बसायचं आणि पांढऱ्या भुकट्या मोजायच्या, बस्स. पुढे माझ्यापेक्षा नाजूक, केसाचंसुद्धा वजन सांगणारा काटा आला आणि माझी रवानगी कपाटात झाली. दोन वर्षं मी जुन्या ॲप्रनच्या गठ्ठ्याखाली पडून होतो. नवी वस्तू आली की जुनी आपोआप वाईट ठरते, तिनं काहीही चुकवलेलं नसलं तरी. माणसांची ही खोड मला तिथे कळली.

मला बाहेर काढलं ते काकांनी. काका म्हणजे उंदीरघर सांभाळणारे. तीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं. वयानं मोठे प्राध्यापकसुद्धा त्यांना काकाच म्हणत. त्यांनी मला ओल्या फडक्यानं पुसलं, बिस्किटांचा प्लास्टिकचा डबा अर्धा कापून माझ्या डोक्यावर बसवला आणि म्हणाले, "चल बाबा, भुकट्या पुष्कळ झाल्या. आता जरा जिवंत माणसं मोजू." उंदरांना ते माणसंच म्हणायचे.

उंदीरघर म्हणजे लांब बोळाच्या टोकाची एक खोली. दोन दारं, एक बंद केल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. आत भुशाचा आणि फिनाइलचा वास, पंख्याची घरघर, आणि फळ्यांवर ओळीनं मांडलेले पिंजरे. रोज सकाळी काका एकेकाला अलगद उचलून माझ्या डब्यात ठेवत. उंदीर हलला की माझा आकडा नाचायचा. नवे विद्यार्थी वैतागायचे आणि नाचता आकडाच लिहून टाकायचे. काका मात्र डब्यावर तळहाताची सावली धरून वाट बघत. अंधार झाला की उंदीर शांत होई आणि मी नेमकं सांगे. भुकट्यांच्या खोलीत मला जे कधी वाटलं नव्हतं ते इथे वाटायला लागलं. इथे माझ्या प्रत्येक आकड्यामागे एक धडधडणारं काळीज होतं.

अशातच एक दिवस ताई आली. संशोधन करणारी विद्यार्थिनी होती ती, काका तिला ताई म्हणत म्हणून मीही म्हणतो. तिच्या आत्याकडे गुडघेदुखीवर एक झाडपाल्याचं औषध होतं. माळावर उगवणाऱ्या एका झुडपाचं मूळ भिजवून, उकळून केलेला काढा. आत्याच्या आईपासून चालत आलेला. लांबून लोक यायचे. काठी टेकत आलेली माणसं काठी विसरून परत गेली, असं ताई काकांना सांगायची तेव्हा तिचे डोळे चमकायचे. तिचे वडीलही तोच काढा घेत होते. "काका, आत्या शिकलेली नाही म्हणून तिला कोणी विचारत नाही. मी हे सिद्ध करून दाखवणार," ती म्हणायची.

तिनं त्या मुळाचा अर्क तयार केला. उंदरांच्या एका पायाला सूज आणणारं इंजेक्शन दिलं आणि त्यांचे चार गट केले. एकाला नुसतं पाणी, दुसऱ्याला डॉक्टर देतात ते नेहमीचं औषध, तिसऱ्याला थोडा अर्क, चौथ्याला जास्त. ओळखायला शेपटीवर पेननं पट्ट्या. रोज पायाची सूज मोजायची आणि माझ्यावर वजन करायचं.

पाचव्या दिवसापासून चौथ्या गटाची सूज भराभर उतरायला लागली. ताईनं आनंदानं खोलीतल्या खोलीत गिरकी घ्यायचीच बाकी होती. तिला शिकवणारे सर येऊन पाहून गेले. "अगं, डॉक्टरांच्या औषधापेक्षा सरस! पंधरा दिवसांवर परिषद आहे. हेच वाचायचं."

पण मी काही वेगळंच सांगत होतो. चौथ्या गटातला तीन पट्ट्यांचा उंदीर पहिल्या दिवशी दोनशे चार ग्रॅम होता. मग दोनशे एक. मग एकशे शहाण्णव. मग एकशे एकोणनव्वद. त्याचे केस विस्कटले होते, तो पिंजऱ्याच्या कोपऱ्यात पाठ करून बसायचा. त्या गटातले इतर पाचही त्याच वाटेनं निघाले होते.

"ताई," काका म्हणाले, "सूज उतरतेय खरी, पण माणसं वाळताहेत."

ताईनं माझ्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच मी तिच्या नजरेत राग पाहिला. मी काय करणार? मला फक्त एवढंच येतं.

दुसऱ्या दिवशी सर आले. तक्ता पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली. "हा काटा किती जुना आहे? कपाटातला उचलून आणलाय ना? त्याचंच काहीतरी बिनसलंय. वजनं तूर्त बाजूला ठेव, सुजेचे आकडे घे."

आयुष्यभर एक काम नीट केलं आणि तेच खोटं ठरत होतं. काकांनी फळीवरून एक लाकडी पेटी काढली, मखमलीत ठेवलेलं दोनशे ग्रॅमचं प्रमाणित वजन चिमट्यानं उचललं आणि सरांसमोर माझ्यावर ठेवलं. मी पडद्यावर दोनशे दाखवले. त्यांनी ते कोपऱ्यात सरकवलं. दोनशे. दुसऱ्या कोपऱ्यात. दोनशे.

"सर, काटा बरोबर आहे," काका म्हणाले. "खात्री नसेल तर दुसरा मागवा."

सरांनी शेजारच्या विभागातला कोरा काटा मागवला. तीन पट्ट्यांचा त्याच्यावर चढला. त्या नव्यानंही एकशे ऐंशी सांगितले, मीही एकशे ऐंशीच सांगितले होते. सरांनी दोन्ही पडद्यांवरचे आकडे पुन्हा एकदा ताडून पाहिले. मोठ्या मनाचा माणूस, नाहीतर पुढचं बोलणं सोपं नव्हतं. "चुकलो मी," ते म्हणाले. "सगळी वजनं लिही. लाल शाईनं लिही. आणि परिषदेला कळव, आम्ही यंदा येत नाही."

ताई तिथेच स्टुलावर बसली आणि तिनं घरी फोन लावला.

"बाबा, आजपासून आत्याचा काढा बंद."

"का गं? गुडघा किती बरा आहे माझा."

"बंद म्हणजे बंद. वजन कमी झालंय का तुमचं?"

"छे! पोट वाढलंय म्हणून तुझी आई रोज बोलतेय."

ताई हसली नाही. "आत्याला घेऊन इकडे या. लगेच."

त्याच दिवशी तीन पट्ट्यांचा गेला. काकांनी त्याचं शेवटचं वजन माझ्यावर केलं. या वेळी आकडा नाचला नाही. तो दिवस मी कधी विसरणार नाही.

आत्या आल्या त्या तणतणतच. पायांत प्लास्टिकच्या पिशव्या, डोक्यावर टोपी, अंगात हिरवा झगा, अशा अवतारात त्यांना आत आणावं लागलं, त्यानं राग आणखी वाढलेला. "माझ्या हातच्या औषधाला विष म्हणालीस? चाळीस वर्षं देतेय मी! तुझा बाप माझ्या औषधावर चालतोय!"

"आत्या, ओरडू नकोस, उंदीर घाबरतात," ताई म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "तू आधी बघ."

आत्यांनी पिंजऱ्यात पाहिलं. विस्कटलेल्या केसांचे ते पाच जीव पाहून त्यांचा आवाज खाली आला. मग त्यांनी अर्काची बाटली मागितली. वास घेतला, बोटाचं टोक बुडवून जिभेला लावलं आणि तोंड वाकडं करून बेसिनमध्ये थुंकल्या.

"हे माझं औषध नाही."

"अगं, तू सांगितलंस तसंच केलं! हे बघ, तुझ्यासमोर लिहून घेतलंय. मूळ रात्रभर भिजवायचं, मग उकळायचं."

"आणि पहिलं पाणी?"

"कुठलं पहिलं पाणी?"

"भिजवलेलं गं! ते कडूजहर पाणी कोणी ठेवतं का? ते ओतून द्यायचं. मूळ दोनदा धुवायचं. मग नव्या पाण्यात उकळायचं."

"हे तू मला सांगितलंच नाहीस!"

"आता केळं खा म्हणताना साल काढ असंही सांगायचं का?"

काका खो-खो हसले. सगळ्यात आधी तेच हसले, मग ताई हसता हसता रडायला लागली. आत्यांनी तिला जवळ घेतलं. मला मिठी मारता येत नाही, पण माझा पडदा त्या दिवशी जरा जास्तच उजळला असावा.

"पण का ओततेस ते पाणी?" ताईनं डोळे पुसत विचारलं.

"आई ओतायची म्हणून," आत्या म्हणाल्या. "का ते तिलाही ठाऊक नव्हतं."

मग ते शोधायचं ठरलं. प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीकडे सरांनी पुन्हा अर्ज केला, तीन महिने थांबले, आणि नवे उंदीर आले. या वेळी एका गटाला नुसतं पहिलं पाणी, एकाला धुतलेल्या मुळाचा काढा, एकाला साधं पाणी आणि एकाला नेहमीचं औषध. मूळ भिजवायला, धुवायला आत्या स्वतः आल्या. किती भिजवायचं, हाताला कसं लागलं की पुरे, हे सगळं ताईनं लिहून घेतलं आणि प्रत्येक पाण्याचं, प्रत्येक मुळाचं वजन माझ्यावर केलं.

एकवीस दिवस मी रोज बोलत होतो आणि खोलीतली सगळी माणसं माझ्याकडे कान लावून होती. पहिल्या पाण्याच्या गटाचं वजन उतरायला लागलं. सहापैकी दोन उंदीर गेले. धुतलेल्या मुळाचा गट मात्र वाढत राहिला. दोनशे तीन, दोनशे सात, दोनशे बारा. सूज आधीसारखी झपाट्यानं उतरली नाही. तिसऱ्या हिश्शानं उतरली, डॉक्टरांच्या औषधापेक्षा थोडी कमीच. चमत्कार वगैरे काही नव्हता. पण जे होतं ते खरं होतं, आणि उंदीर टवटवीत होते. शेवटी त्यांचाही जीव घ्यावा लागला, आतून तपासायला. त्यांची काळजं आणि मूत्रपिंडंही काकांनी माझ्यावरच तोलली. हलक्या हातानं. माझ्या अभिमानात त्या उंदरांचा वाटा सगळ्यात मोठा आहे.

निकाल समजल्यावर आत्या खुलतील असं ताईला वाटलं होतं. पण आत्यांनी लाल शाईनं भरलेला पहिला तक्ता मागून घेतला. अक्षरं त्यांना लागत नव्हती, पण आकडे कळत होते. खाली खाली जाणाऱ्या त्या आकड्यांवरून त्या बोट फिरवत राहिल्या.

"एकदा मी घाई केली होती," त्या हळूच म्हणाल्या. "सुताराची आई कळवळत आली होती. रात्रभर थांबायला तयार नाही. मी मूळ तासभरच भिजवलं, कडूपणा उतरायच्या आधीच उकळून दिलं. पुढेही आठवडाभर तसंच. तिला जेवण जाईना. पोलकी ढिली झाली. मी म्हटलं, वय झालंय. पुढे ती गेली. वयानं गेली की माझ्या घाईनं, ते आता कोण सांगणार?"

आत्यांनी माझ्या डब्यात हात ठेवला. "तेव्हा हा जवळ असता तर यानं सांगितलं असतं."

माझ्या पडद्यावर आकडा थरथरत राहिला. तो एका जागी ठरेना, कारण तो हातच थरथरत होता. काकांनीही घाई केली नाही.

त्याला आता सहा वर्षं झाली. ताईचा प्रबंध छापून आला. ते औषध अजून दुकानात आलेलं नाही. आधी पुष्कळ तपासण्या बाकी आहेत, त्यातल्या काही मोठ्या प्रयोगशाळेत चालू आहेत. बाबांचा गुडघा डॉक्टरांच्या देखरेखीखाली आहे. आत्यांनी काढा देणं थांबवलं आहे, तपासण्या पुऱ्या होईपर्यंत. लोक फार मागे लागले तर त्या दारात ठेवलेल्या काट्याकडे बोट दाखवतात. आधी वजन, मग त्याची चिठ्ठी घेऊन दवाखाना. "गुडघा दुखतोय, वजन कशाला करताय?" असं कोणी विचारलं की त्या म्हणतात, "मला उंदरांनी शिकवलंय." हे काकांनी मला सांगितलं तेव्हा मला वाटलं, माझा एखादा धाकटा भाऊच तिकडे कामाला लागलाय.

काका निवृत्त झाले. माझ्या पडद्यावरची एक बारीक रेघ विझली आहे, त्यामुळे माझा आठ आता सहासारखा दिसतो. असा काटा प्रयोगाला चालत नाही, आणि चालू नयेच. ताई आता इथेच शिकवते. तिनं मला भंगारात जाऊ दिलं नाही, आपल्या टेबलावर ठेवलं आहे, बंद करून, पुसून. नव्या विद्यार्थ्यांना ती पहिल्या दिवशी तो लाल शाईचा तक्ता दाखवते.

त्या पोरांना, आणि तुम्हालाही, माझं एवढंच मागणं आहे. आजीच्या बटव्यातलं असो की कंपनीच्या बाटलीतलं, औषध तपासायला तुमच्या हातात जो जीव दिला जाईल, त्याला अलगद उचला. त्यानं जे सांगितलं ते पूर्ण लिहा, आवडलं नाही तरी लिहा. त्याच्याजवळ द्यायला दुसरं काही नसतं, आणि तो ते दोनदा देऊ शकत नाही.