फुकटची सीट कव्हरं

स्टीलच्या डब्याचं झाकण खट्कन लागलं. गोजराबाईंनी पेढा न खाताच डबा सुनेकडे सरकवला.

"आई, नव्या गाडीचा पेढा आहे," छाया म्हणाली.

"ती पोरगी रडत व्हती, त्याचा पेढा हाय. मला नको."

छायाला रागच आला. सकाळी शोरूममध्ये सासूबाईंदेखत केवढं जिंकून आली होती ती! सौदा महिन्यापूर्वीच ठरला होता, पण शेवटचा डाव तिने अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तासाठी राखून ठेवला होता. गाडीला हार पडला, नारळ फुटला, फोटोवाला सरसावला आणि किल्ली पुढे आली, तशी तिने हात मागे घेतला. "सीट कव्हरं फुकट टाका. नाहीतर गाडी राहू द्या." पूजा झालेली गाडी परत ठेवून घ्यायला कुठलाच शोरूमवाला धजत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"मॅडम, माझ्या हातात होतं तेवढं सगळं दिलंय," गाडी विकणारी तेजल हळूच म्हणाली.

मॅनेजर सगळ्यांदेखत गरजला, "मुहूर्त टळतोय. टाक तुझ्या पगारातून!"

डोळे पुसत तेजलने किल्ली दिली. "ठरलेलं नाटक असतं यांचं," छाया नवऱ्याच्या, कुंदनच्या कानात कुजबुजली. शिवाय, सेवा कशी वाटली म्हणून शोरूममधून फोन आला तेव्हा तिने तेजलला पाचापैकी दोनच गुण दिले. का, तर पोरगी फोटोत हसली नाही.

"भाव तर सगळेच करतात," छाया आता म्हणाली. "तुम्ही फुलं विकताना नाही करत?"

"करते की. पण दसऱ्याला दिवस कलला की पंचवटीत मोठ्या गाड्यांतली गिऱ्हाइकं येतात. उरलेला झेंडू उद्या उकिरड्यावर जाणार, हे त्यांना माहीत. चाळीसचा माल पाचाला मागतात, वर हसतात. घरी येऊन त्यांना शिव्या कोण घालतं?"

शिव्या छायाच घालायची.

"त्याला भाव करणं म्हणत नाय बाई. समोरच्याचं बोट दारात सापडलंय हे बघून दार लोटायचं, तसं हाय ते. आज तू लोटलंस."

दुसऱ्या दिवशी छाया कव्हरांचे पैसे घेऊन, आजीचं बोलणं ऐकलेल्या पाच वर्षांच्या लेकीला, तृप्तीला सोबत घेऊन शोरूममध्ये गेली. तेजलच्या टेबलाशी दुसरीच मुलगी बसली होती.

"दोन गुण पडलेलं माणूस आम्ही ठेवत नाही," मॅनेजर हसून म्हणाला. "तुमच्यासारखी चोखंदळ गिऱ्हाइकं हवीत, मॅडम."

छायाने तिथूनच तेजलला फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला, तर फोन बंद.

मैत्रिणींनो, घासाघीस जरूर करावी. मालकाशी करावी, गाडीच्या किमतीवर करावी. पण जिला नाही म्हणायची सोयच नाही, तिच्याशी केलेली घासाघीस म्हणजे लूट. आणि लुटलेलं परत द्यायला जावं, तर माणूस जागेवर भेटेलच असं नाही.

छाया गाडीत येऊन बसली. तृप्ती मात्र दार धरून उभीच राहिली. तिने नव्या कव्हरावरून हात फिरवला.

"आई, हे त्या ताईचं आहे ना? मग मी खाली बसू?"