मशीनचा उतारा

भोसरीच्या एमआयडीसीत पंप बनवणारी एक कंपनी होती. साल एक्याऐंशी असेल. तिथं कॉम्प्युटर आला, तेव्हा त्याला थंडगार खोली मिळाली, पडदे मिळाले आणि सांभाळायला नीला मिळाली. खोलीत जायचं तर चपला बाहेर काढायच्या. कामगार येताजाता काचेतून हात जोडायचे, शिफ्टला उशीर झाला असला तरी.

नीला मात्र अजून कायम झाली नव्हती. तिचं घोडं एका टेपपायी अडलं होतं. मशीनच्या पोटात कंपनीच्या मालाचा सगळा हिशेब, तो अधूनमधून टेपवर उतरवून घ्यायचा. त्याला म्हणायचं अनलोड. मागच्या खेपेला उतरवलेली टेपच गायब झाली. कोणी नेली, कुठं नेली, काही पत्ता नाही.

पुण्याहून ऑडिटवाले अर्जुनराव आले नि बजावून गेले, "या वेळी अनलोड करताना खुद्द मशीननं निरोप दिला पाहिजे. कोणी उतरवलं, काय उतरवलं, कुठं ठेवलं. शनिवारी येतो. निरोप मिळाला तर ही मुलगी कायम. नाही मिळाला तर घरी."

आता मशीननं किती बोलायचं, याचं एक सेटिंग असायचं. गप्प, मोजकं किंवा सगळं. नीलानं शहाण्यासारखं मोजकं लावलं. तेवढ्यात साहेब आले, दौलतराव.

"मोजकं? पंगतीला बसलीयस का लाजत? सगळं लाव!"

"साहेब, सगळं म्हणजे अगदी सगळं छापील ते."

"छापू दे की! कागद काय तुझ्या घरनं आणायचाय?"

नीलानं सगळं लावलं आणि अनलोड सुरू केलं.

पहिले निरोप नीट आले. 'अनलोड सुरू. उतरवणारी नीला. टेप निळ्या कपाटात ठेवायची.' मग मशीन जरा थांबलं, आणि त्याला काय वाटलं कोण जाणे, इंग्रजी अक्षरांत चोख भोसरीची मराठी छापायला लागलं. 'नीलानं डबा उघडला. भाजी कारल्याची. तोंड वाकडं केलं.' 'निरोप छापला.' 'निरोप छापल्याचा निरोप छापला.' 'त्यावर नीला अगं बाई म्हणाली.'

कागद जमिनीवर आला, दाराबाहेर गेला, जिना उतरला. संध्याकाळपर्यंत त्याचं टोक बस स्टॉपला पोचलं आणि रांगेतले लोक बस सोडून वाचत उभे राहिले. 'दौलतराव साहेब आत आले. नीलानं मान वर केली. साहेबांनी पोट आत घेतलं. नीलानं मान खाली घातली. पोट बाहेर.' हे वाचून ड्रायव्हरनंसुद्धा गाडी बंद केली.

"बंद कर ते!" दौलतराव ओरडले.

"कशी करू साहेब? अनलोड संपल्याशिवाय सेटिंग बदलत नाही, आणि स्वतःच्या बोलण्याचे निरोप छापत बसलंय, संपणार कुठनं? मधेच बटण दाबलं, तर अनलोड अर्धवट, बंद करणारी नीला, असं छापूनच मरेल ते. मग माझं कायम होणं विसराच."

शुक्रवारी अर्जुनरावांचा फोन आला. भोसरीची खबर पुण्याला पोचली होती. ते म्हणाले, एवढा कागद वाचायला माझा जन्म पुरायचा नाही, मला त्याचा चार ओळींचा उतारा तयार ठेवा.

दौलतराव धावत खोलीत आले. नीला जेवायला गेलेली. खोली झाडणाऱ्या गिरजाबाई तेवढ्या होत्या, दिघीच्या.

"गिरजाबाई, नीला आली की सांगा, मशीनचा उतारा काढून ठेव म्हणावं. उद्याच्या आत!"

"व्हय सायेब, मला बी तेच वाटत हुतं. पन ती पोर काय करनार? आमी काढतो."

दौलतराव घाईत होते. मान हलवून गेले.

गिरजाबाईंनी घरनं दहीभात आणला, वर लिंबू ठेवलं, आणि मशीनभोवती ओवाळायला सुरुवात केली. "आल्यागेल्याची, बस स्टॉपवाल्यांची, ढेरीवाल्या सायबाची, ज्याची कुनाची लागली आसंल त्याची..." उतारा हा शब्द मशीननं ऐकला मात्र, त्याला वाटलं दुसरं अनलोड लागलं! दिवे लकलकले, चाकं गरगरली. 'उतारा सुरू. उतरवणारी गिरजाबाई. ठिकाण दहीभात.' आणि पहिलं अनलोड संपवून मशीन एकदम गप्प झालं. जिन्यावरचा, रस्त्यावरचा, स्टॉपवरचा सगळा कागद धुतल्या धोतरासारखा पांढरा! अक्षर न् अक्षर दहीभातात उतरलं.

नीला आली. गिरजाबाईंनी तिला उताऱ्याचं सगळं सांगितलं.

"मावशी, माझी नोकरी कुठं ठेवलीत?"

"दिघीच्या रस्त्याला, तिकाटण्यावर. मागं वळून बघितलं न्हाई बघ."

नीला पळत गेली. तीन रस्ते मिळतात त्या तिकाटण्यावर लिंबू होतं. भात नव्हता. पानवाल्या खंडूची शेळी तेवढी मिशा चाटत उभी होती.

शनिवारी अर्जुनराव गाडीतून उतरले. दौलतराव पांढरा कागद पाठीमागे लपवून घामाघूम. नीला शेळीला दोरीनं धरून उभी.

"उतारा कुठंय?" अर्जुनरावांनी विचारलं.

"बेंऽऽ" शेळी म्हणाली. "अनलोड पूर्ण. उतरवणारी नीला. टेप निळ्या कपाटात, खालच्या फळीवर."

अर्जुनरावांनी चष्मा पुसला. कपाट उघडायला लावलं. टेप होती.

"साहेब, ही शेळी आहे," दौलतराव म्हणाले.

"मला दिसतंय. नियमात निरोप पाहिजे म्हटलंय. कागद पाहिजे असं कुठं म्हटलंय?" अर्जुनराव शेळीपुढं उकिडवे बसले. "बरं, मागची टेप कोणी नेली?"

नीलानं शेळीची दोरी आवळून धरली. मागच्या वेळी खोलीत तीच होती की!

"बेंऽऽ. नेणारे दौलतराव साहेब. घरच्या गणपतीच्या मखराला गुंडाळली. चमकते म्हणून."

"अरे, शेळी काय वाट्टेल ते—"

"साहेबांनी पोट आत घेतलं," शेळी म्हणाली.

अर्जुनरावांनी जागच्या जागी सही ठोकली आणि नीला कायम झाली. साक्षीदार म्हणून खाली शेळीचा खूर उमटवला. तो कागद तेवढा शेळीला खाऊ दिला नाही.

सोमवारी नीलानं पहिलं काम केलं. मशीन मोजकंवर आणलं. शेळीला मात्र तसलं काही सेटिंग नव्हतं. ती अजून सगळंवरच होती. खंडूच्या टपरीवर गिऱ्हाइकांची झुंबड उडायची, नि दौलतराव घरी जायला चाकणचा वळसा घ्यायचे.

एक दिवस नीला तिकाटण्यावरून चालली होती, तर शेळीनं तिला आपादमस्तक न्याहाळलं आणि तोंड उघडलं. "बेंऽऽ. नीला आली. काल दुपारी मशीनच्या खोलीत पडदे ओढून ती—"

नीलानं डब्यातली अख्खी चपाती तिच्या तोंडात कोंबली. कारल्याच्या भाजीसकट.

शेळीनं तोंड वाकडं केलं, पण निरोप तिथंच थांबला.