कीबोर्डमधली हलगी

आमच्या पेठेत कुणी काही केलं की आधी त्याचा सत्कार होतो; काय केलं ते मागाहून विचारतात. टीव्ही दुरुस्त करणारा रिजवान त्यातच अडकला.

त्याला कीबोर्ड वाजवायचा भारी नाद. पण त्यात कंपनीनं भरलेलेच ठेके वाजायचे. नवा हवा असेल तर कंपनीचंच कार्ड विकत घ्यायचं. त्यात हलगी कुठली असणार? रिजवाननं आतल्या प्रोग्रॅमचं कुलूप फोडलं आणि हलगीचा ठेका घातला. गणपतीत बटण दाबल्यावर हलगी कडाडली, तेव्हा तालमीचे अध्यक्ष हंबीरराव यांचे डोळे भरून आले. लगेच चौकात डिजिटल बोर्ड लागला : 'कंपनीचे कुलूप फोडून सर्व कलाकारांना मोफत वाटप केल्याबद्दल कोल्हापूरचा वाघ रिजवानभाई यांचे हार्दिक अभिनंदन.' वाटप त्यानं कुणालाच केलं नव्हतं. पण नुसतं अभिनंदन लंगडं दिसतं, म्हणून हंबीररावांनी ते आपल्या पदरचं घातलं.

बोर्ड कंपनीच्या माणसाच्या नजरेला पडला आणि रिजवानला नोटीस आली. त्याला नुकतीच दुबईत नोकरी लागली होती. पासपोर्टसाठी पोलिस चौकशी व्हायची होती. नोटीस घेऊन तो सोमशेखर वकिलांकडे गेला.

"स्वतःचा कीबोर्ड उघडलास, त्यावर कोर्टात भांडता येईल," वकील म्हणाले. "पण कंपनीच्या प्रोग्रॅमच्या कॉप्या वाटल्या असशील तर सरळ गुन्हा हाय. केस झाली की पासपोर्ट अडकला. कुणाला वाटल्यास काय?"

"अल्लाकसम न्हाय."

"मग गप बस. मी बोलतो."

पुण्याहून कंपनीचा एक अधिकारी वकिलांच्या ऑफिसात आला. माणूस समजूतदार होता. कॉपी कुणाला दिली नसेल, तर लेखी माफीवर मिटवू म्हणाला. माफीनामा टाइप झाला. रिजवाननं सहीसाठी पेन उचललं, तेवढ्यात तालमीची माणसं घेऊन हंबीरराव आत शिरले. रिजवानला धरून नेलंय, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

"पावणं, एकट्याला का धरताय? आम्ही सगळ्यांनी कॉपी घेतलीया. केस करायची तर सगळ्यांवर करा की."

कीबोर्ड कुठून चालू करतात हेही त्यांच्यातल्या पिराजीला ठाऊक नव्हतं. त्यानंही हात वर केला. त्याच्या मागचा कृष्णात म्हणाला, मी दोन घेतल्या. सोमशेखर वकिलांनी कपाळाला हात लावला.

अधिकाऱ्यानं रिजवानकडे बघितलं. "खरं आहे का हे?"

"न्हाय, साहेब." रिजवाननं हात जोडले. "ही माणसं खोटं बोलाय लागल्यात. म्या कुणाला काय दिलेलं न्हाय."

हंबीररावांनी त्याला पोटाशी धरलं. "बघा, पावणं. आमाला वाचवायला सगळं आपल्या अंगावर घेतंय. असा माणूस हाय व्हय तुमच्या कंपनीत?"

अधिकाऱ्यानं माफीनाम्याची घडी घातली आणि बॅग बंद केली.

केस झाली. पासपोर्ट अडकला, दुबईची जागा दुसऱ्याला गेली. मला हंबीररावांचा राग येतो, आणि त्यांच्यावर रागावता येत नाही याचा त्याहून जास्त येतो. तारखेला अख्खी तालीम कामधंदा टाकून कोर्टाच्या फाटकाशी त्याची वाट बघत उभी असते. रिजवान त्यांना चुकवून मागच्या दारानं आत जातो.