दिव्यदृष्टी बाबा आणि केरबाचं अंगण

जाखमातेच्या मंडपात मुंगी शिरायला जागा नव्हती. दिव्यदृष्टी बाबांनी डोळे मिटले, की कोंडवाडीत कुणाच्या घरी काय चाललंय ते त्यांना बसल्या जागी दिसायचं. श्रीपतीच्या पडवीत मांजरानं दूध सांडलं, दिसलं. दत्तोबाची पिकअप मार्केटऐवजी लोणावळ्यात बारसमोर उभी राहिली, तेही दिसलं. दत्तोबा बायकोदेखत रडला आणि बाबांच्या पायांवर लोळला. एवढ्या दृष्टीला मंडपाबाहेरून चोरीला गेलेल्या स्वतःच्या चपला मात्र दिसल्या नव्हत्या, पण देवमाणसाला असल्या किरकोळ गोष्टी विचारायच्या नसतात.

सारिकाला या सगळ्याचं हसू यायचं. त्या दिवशी ते जिरलं.

"केरबा," बाबा तिच्या सासऱ्यांना म्हणाले, "तुझी सून दुपारी अंगणात एकटीच बडबडते. हातवारे करते, मधेच हसते. तिच्या अंगात जुनी हडळ आहे! सोमवारी माझ्या मठात आणून सोड. सव्वा महिना राहू दे."

केरबा आबांनी हात जोडले. तिच्या नवऱ्यानं, सुहासनं, मान खाली घातली. त्या कामात त्याचा हात धरणारा गावात कुणी नव्हता.

सोमवारी तळेगावच्या एका कारखान्यात सारिकाची मुलाखत होती. समोर साहेब बसलाय असं समजून ती अंगणात उत्तरांचा सराव करायची. नोकरी लागेपर्यंत घरात बोलायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. आता नोकरी राहिली बाजूला, मठाची वारी नशिबी आली. संताप संताप झाला तिचा. पण डोकं चालतच होतं. बाबांना हातवारे दिसले, मग बोलण्यातलं एक अक्षर ऐकू कसं आलं नाही?

तिनं घरी येऊन वर पाहिलं. वाशाला सुहासनं बांधलेला जुना मोबाइल होता. त्याचा माइक केव्हाच मेलेला.

विहिरींवरच्या मोटारी चोरीला जायला लागल्या, तेव्हा गावानं घरच्या घरी कॅमेरे केले होते. सिम घातलेला जुना मोबाइल, फुकटचं ॲप आणि पावसासाठी वर कापलेली प्लास्टिकची बाटली. गाडीवाल्यांनी तसाच एकेक काचेला चिकटवला. फोन नंबर आणि पासवर्ड टाकला, की चित्र कुठूनही दिसायचं. पासवर्ड साऱ्या गावाचा एकच, जाखमातेचं नाव. देवीच्या धाकानं चोराचा हात कापेल म्हणून! आणि म्हातारी माणसं विसरतात म्हणून तो देवळाच्या भोंग्यावरून जाहीर केलेला. राहिले फोन नंबर, ते बाबांचा शिष्य दर्शनाच्या नोंदणीत घेतच होता.

रविवारी सकाळी सारिकानं तो मोबाइल सोडला आणि देहूरोडला सरूमावशीच्या दारात नेऊन बांधला. दुपारच्या दरबारात ती स्वतः पुढं झाली.

"बाबा, आत्ता आमच्या अंगणात काय दिसतंय?"

बाबांनी डोळे मिटले, फेट्याखालचा कान टवकारला. "पांढऱ्या केसांची बाई! तीन शेळ्या! गोल गोल काहीतरी मांडतेय. करणी आहे केरबा, करणी!"

शेजारची धोंडाबाई पळत जाऊन पाहून आली. "काय बी न्हाई हो! कुत्रं सुदिक न्हाई अंगणात!"

सारिकानं फोन लावून स्पीकर चालू केला. "मावशी, काय करतीयास?"

"पापड वाळत घालतीया. शेळ्या लय तरास देत्यात बग. तुजा ह्यो मोबाइल कवा नेतीस?"

मंडप हसून हसून लोटपोट झाला. धोंडाबाईनं बाबांचा फेटा उचलला, तर कानात शेंगदाण्याएवढं यंत्र. पडद्यामागं शिष्याच्या हातातल्या मोबाइलवर गावातली घरं ओळीनं मांडलेली. त्यात कॉलेजात जाणाऱ्या स्नेहलच्या न्हाणीचं दारही होतं. तेव्हा हसणं थांबलं, आणि कुणीतरी पोलिसांना फोन लावला.

"ह्याच्याकडं दृष्टी न्हाई, आपला पासवर्ड हाय," सारिका म्हणाली. "आज घरी जाऊन बदला. ज्याचा त्याचा येगळा ठेवा. अन् कुणी चमत्कार दावला, तर पाया पडायच्या आदी त्यो कसा केला ते बगा."

केरबा आबा काकुळतीला येऊन जवळ आले. "पोरी, मग तू दुपारची बोलत कुणाशी हुतीस?"

सारिकाचे डोळे भरून आले.

"आबा, मला मठात धाडायला हात जोडलेत, त्याच्या आदी एवढं इचारायचं हुतं."