कोपऱ्यातली दहा बाय बारा

मी नकाशा बोलतोय. शिक्के मारलेला, छापील नकाशा नव्हे; पेन्सिलीनं काढलेला, घरगुती. फार बोलण्याइतका दम आता माझ्यात नाही. घड्यांवर मी विरलोय, एका जागी आरपार फाटलोय. तरी जे झालं ते क्रमानं सांगतो.

जन्मानं मी साधा आलेख कागद. पन्नास कागदांच्या गठ्ठ्यात वरून सातवा. माझ्या भाऊबंदांवर शाळेतले आलेख निघाले, गुण मिळाले, आणि ते रद्दीत गेले. सुटले बिचारे. मला मात्र एका रविवारी सकाळी मुलीच्या दप्तरातून तिच्या वडिलांनी काढून घेतलं.

"बाबा, ते गणिताचे कागद आहेत," मुलगी म्हणाली.

"हेही गणितच आहे," ते म्हणाले.

हे गृहस्थ वजनमापं तपासणाऱ्या खात्यात होते. दुकानदारांचे तराजू, पेट्रोलची मापं, कापडाचे गज यांत चूक काढण्यात त्यांची बावीस वर्षं गेली होती. बाजारात त्यांना मागून 'काटासाहेब' म्हणत. मीही साहेबच म्हणतो. साहेबांना गावाबाहेर एक लहानशी जागा मिळाली होती, आणि तिच्यावर बांधायच्या घराचा नकाशा स्वतःच काढायचा असं त्यांनी ठरवलं होतं. सगळं ठरलं की मग नकाशे काढणाऱ्या माणसाकडे जायचं, असा बेत. "आपलं घर आपल्यालाच कळतं," असं ते म्हणत. एक सेंटिमीटर म्हणजे दोन फूट. कडेची मोकळी जागा सोडून तीस बाय चाळीस. त्यांनी माझ्यावर पहिली चौकट आखली तेव्हा टोकदार पेन्सिलीचा तो थंड स्पर्श मला आवडला होता. पुढचं माहीत असतं तर आवडला नसता.

घरात माणसं चार. साहेब, त्यांची बायको, पंधरा वर्षांची मुलगी, आणि साहेबांची थोरली बहीण. साहेब तिला ताई म्हणत, मुलगी आत्या म्हणे. ताई सरकारी दवाखान्यात औषधं देण्याच्या खिडकीवर बसायची. पहाटे साडेचारला उठायची, दुपारी दोनला परत यायची. दोन खोल्यांच्या त्या भाड्याच्या घरात तिची जागा म्हणजे बाहेरच्या खोलीतला दिवाण. त्याच दिवाणावर आल्यागेल्याला बसवत. दुपारी कुणी आलेलं असलं की ताई स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून डोळे मिटायची, भिंतीला डोकं टेकून. हे अकरा वर्षं चाललं होतं.

म्हणून पहिल्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना बोलावलं आणि मागच्या कोपऱ्यात एक चौकोन काढून म्हणाले, "ही ताईची. दहा बाय बारा. पूर्वेला खिडकी."

ताईनं चष्मा पुसून बघितलं. त्या चौकोनावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. "एवढी मोठी कशाला रे धाकट्या," एवढंच म्हणाली. पण बोट उचललं नाही, हे मला ठाऊक आहे.

मग सुरू झाला माझा छळ. दर रविवारी चहा झाला की मला जेवणाच्या टेबलावर पसरत, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवत आणि घर हलवायला लागत. मी नीट पाहत असे. माणसं घर बांधताना भिंतींवर बोलतात, पण खरं म्हणजे एकमेकांवर बोलत असतात.

"भांडी घासायला बाहेर जागा नको?" बायको म्हणाली. तिचं चूक नव्हतं. तिनं जन्मभर ओट्याखाली वाकून भांडी घासली होती. स्वयंपाकघराला लागून कोण? ताईची खोली. दोन फूट गेले. दहा बाय दहा.

"चालेल मला," ताई म्हणाली.

मुलीला कपाट भिंतीत हवं होतं. तिच्या भिंतीपलीकडे कोण? ताई. आठ बाय दहा.

"चालेल की. मला कुठे एवढं सामान आहे."

मग गच्चीवर जायचा जिना. तो पुढे घेतला तर हॉल लहान होत होता, आणि हॉलवर साहेबांचा जीव. वीस बाय चौदा. एका वेळी वीस माणसं बसतील असा. खात्यातले लोक घरी आले की उभे राहायचे, हे साहेबांना फार लागलेलं होतं. जिना मागे गेला. आठ बाय आठ.

"ताई, चालेल ना गं?"

"न चालायला काय झालं."

साहेबांचा हात भारी नव्हता, पण खोडरबर जुना होता, कडक. प्रत्येक वेळी तो त्याच कोपऱ्यात फिरायचा. बाकीच्या खोल्यांची मापं साहेबांनी लाल बॉलपेननं पक्की केली होती. तेवढा एक कोपरा पेन्सिलीत राहिला होता. तिथे माझे चौकोन पुसट झाले, अंगावर काळपट फुगवटा आला. रविवार आला की मला थकवा यायचा.

पाच महिन्यांनी मला चार घड्या घालून पाकिटात घातलं आणि साहेब मला नकाशे काढणाऱ्या माणसाकडे घेऊन गेले. तो माणूस पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्यानं मला काचेच्या टेबलावर ठेवलं, खालून दिवा लावला. पट्टी लावून एकेक माप ताडून बघितलं.

"भिंती कुठे आहेत?" त्यानं विचारलं.

"या काय. रेघा."

"रेघेला जाडी नसते हो. बाहेरची भिंत नऊ इंच, आतली साडेचार. तुम्ही घर मोजलंय तीस फूट आणि खोल्याही भरल्यात तीस फूट. मग भिंती बांधायच्या कशावर?"

साहेबांचा चेहरा मला खालून दिसत होता. आयुष्यभर दुसऱ्याच्या मापात चूक काढलेला माणूस होता तो. कान लाल झाले होते.

"होतं असं," तो माणूस म्हणाला. "दहातले आठ जण हेच करतात. रुंदीत सव्वादोन फूट जातात, लांबीत अडीचच्या वर. कुठून काढू? बाकी तर सगळं तुम्ही पक्कं केलंय."

साहेब आपल्याच लाल मापांकडे बघत राहिले.

"मग असं करू. पुढची तूट ओसरीतून काढतो, मागची या कोपऱ्यातून. हा उरतो पावणेसहा बाय साडेपाचला जरा कमी. ही स्टोअरच आहे ना?"

इथे साहेबांनी फक्त 'नाही' म्हणायचं होतं. मी वाट बघितली. पण एक चूक नुकतीच उघडी पडली होती, आणि दुसरी स्वतःच्या तोंडानं सांगायला जीभ वळत नसावी.

"हो," साहेब म्हणाले.

त्यानं लाल पेन्सिलीनं माझ्या त्या झिजलेल्या कोपऱ्यात नवं माप लिहिलं, आणि त्यावर : स्टोअर.

घरी साहेबांनी मला कपाटावर ठेवून दिलं. पण मुलगी फार वेळ गप्प बसणारी नव्हती. तिनं मला खाली काढलं, टेबलावर उलगडलं. दुपारचे अडीच वाजले होते. ताई नुकतीच येऊन हातपाय धूत होती.

"बाबा, यात आत्या कुठे आहे?"

"बघू, नीट करायचंय अजून. भिंतींची जाडी धरायची राहिली होती."

"सहा फुटांची खाट साडेपाचात कशी टाकणार? उभी?"

बायकोनं वाचलं. ओल्या हातांनीच टेबलाशी उभी राहिली. "ही वन्संची खोली आहे, हे तुम्ही त्या माणसाला सांगितलं नाही?"

"विसरलो."

"विसरलात की लाजलात?"

 साहेबांनी खोडरबर घेतला आणि ती लाल अक्षरं पुसायला लागले. लाल पेन्सिल मेणकट असते, जात नाही, पसरते. त्यांनी जोर केला. आणखी जोर केला. मला कळलं होतं की आता आपल्याच्यानं होणार नाही. फाटताना माझा आवाजही फारसा झाला नाही. ताईची खोली होती तिथे अंगठ्याएवढं भोक पडलं आणि खालच्या टेबलाचं लाकूड दिसायला लागलं.

ताई पदराला हात पुसत आली. तिनं भोक बघितलं, त्याच्या कडेला राहिलेलं अर्धं अक्षर बघितलं. सगळे ती काय म्हणते याची वाट बघत होते, आणि ती काय म्हणणार हे सगळ्यांना माहीत होतं.

"धाकट्या," ती म्हणाली, "मला खोली हवी आहे."

"अगं ताई, मी करतोच आहे..."

"ऐक. दर वेळी मी चालेल म्हणाले. ते खोटं होतं. मला वाटायचं, एकदा तरी कुणी म्हणेल की ताईला नाही चालणार. तुला ते कळायला हवं होतं, आणि मी सांगायला हवं होतं. दोघांचंही चुकलं. आता मला बसू दे, पाय दुखताहेत."

ती खुर्चीवर बसली. आवाज चढलेला नव्हता, डोळ्यांत पाणी नव्हतं. नुसती दमलेली होती; अकरा वर्षांची दमलेली.

मुलीनं पेन्सिल पुढे केली. ताईनं ती घेतली नाही. पर्समधून स्वतःचं बॉलपेन काढलं. त्यानं ती रोज औषधांच्या पाकिटांवर सकाळी एक, रात्री एक असं लिहायची. मागच्या कोपऱ्यात तर भोक. तिथे काही काढता येत नव्हतं. मग तिनं हात पुढच्या बाजूला नेला, हॉलवर. गोळ्यांच्या एका पट्टीची कड धरून एका कोपऱ्याभोवती काटकोनात रेघ ओढली. मग दुसरी रेघ, तिच्याजवळून, समांतर.

"ही दुसरी कशाला?" बायकोनं विचारलं.

"भिंतीची जाडी. आताच म्हणालात ना तुम्ही, काटासाहेब?"

पाच महिन्यांत त्या टेबलावर पहिल्यांदा साहेब हसले, ओशाळं. मुलीनं चौकोन मोजले. दहा बाय दहा. हॉलचा मोठा तुकडा गेला होता.

"वीस माणसं कुठे बसवणार मी?" साहेब हळूच म्हणाले.

"दहादहा बोलवा," बायको म्हणाली आणि भांड्यांकडे गेली.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा काचेच्या टेबलावर. त्या माणसानं भोक बघून भुवया उचलल्या. साहेबांनी घसा साफ केला. "काल मी चुकीचं सांगितलं. ते स्टोअर नव्हतं. ती माझ्या मोठ्या बहिणीची खोली होती. ती आता पुढे घ्यायची आहे, आणि तिला धक्का लावायचा नाही." सगळं एका दमात बोलून त्यांनी घाम पुसला. अशा कबुल्या ऐकायची मला सवय नव्हती, पण त्यांना ते जड गेलं हे दिसत होतं. त्या माणसानं काही न विचारता नवा कागद लावला.

तिथे माझं काम संपलं. बांधकामावर माझ्या जागी छापील प्रती गेल्या, उन्हात, सिमेंटनं माखलेल्या हातांत. वर्ष-सव्वा वर्षात घर उभं राहिलं. सामान लावताना ताईनं मला पाकिटातून काढलं, हातानं सपाट केलं आणि आपल्या कपाटाच्या मधल्या कप्प्यात साड्यांखाली अंथरलं.

पहिले आठ दिवस ती दुपारी या खोलीत आलीच नाही. कामावरून यायची आणि स्वयंपाकघरातच कुठेतरी टेकायची. सवय भिंतीपेक्षा जाड असते. नवव्या दिवशी बायको तिला दंडाला धरून इथे घेऊन आली, "वन्सं, आता पुरे," म्हणाली, आणि बाहेरून दार ओढून घेतलं. ताई साडेपाचपर्यंत झोपली. बाहेर पाहुणे आले, गेले. तिला कळलं नाही.

मी आता इथेच असतो. साड्यांना दवाखान्याचा मंद वास येतो. अंगावर वजन आहे पण रोज कुणी घासत नाही, एवढं मला पुरे. मला पुन्हा उलगडू नका. घड्यांवर तुकडे होतील. तुम्हाला घर बांधायचं असेल तर नवा कागद आणा. फक्त पहिली रेघ मारण्याआधी, आज ज्या घरात राहता तिथे भर दुपारी एक चक्कर टाका, आणि कोण कुठे आडवं होतं ते बघून या.