तेवीस पावलं

कॉलेजच्या नव्या धावपट्टीला शिट्टीसाहेबांचं नाव द्यायचं ठरलं, तेव्हा ते सांगायला प्राचार्याबाई स्वतः घरी आल्या. मी त्यांना चहा दिला, "फार छान झालं," म्हटलं आणि त्या जिना उतरेपर्यंत दारात हसऱ्या चेहऱ्याने उभी राहिले. मग दार लावलं आणि आत येऊन ओट्याची कड घट्ट धरली.

"आई, चक्कर येतेय का?" सुनेने विचारलं.

चक्कर कसली! एक्केचाळीस वर्षांचा राग होता. तो डोक्यात चढला की अजून कान गरम होतात.

शिट्टीसाहेब म्हणजे आमचे क्रीडाविभागप्रमुख. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून मुलींनी ठेवलेलं नाव. माणूस व्हॉलीबॉलचा. धावपट्टीवर यायचे ते फोटो काढायला कुणी आलं तरच. मी त्यांच्या हाताखाली मुलींची शिक्षिका. व्यायामशाळेच्या जिन्याखाली मला एक खोली दिली होती. उंच माणसाला आत वाकूनच यावं लागायचं. एका भिंतीला उंच उडीच्या गाद्या, दुसरीला गोळे आणि भाले, आणि सगळ्यावर मलमाचा वास. त्या खोलीत मी छत्तीस वर्षं काढली.

तिथेच माझी रिलेची टीम तयार झाली. चौघी जणी, चार गुणिले शंभर मीटर. पहिली गोळी, कारण ती बंदुकीच्या आवाजाआधीच सुटायची. शेवटची जिराफ, कारण उघड आहे. मधल्या दोघी जुळ्या बहिणी, त्यांना आम्ही थोरली आणि धाकटी म्हणायचो, अंतर बारा मिनिटांचं.

रिलेत सगळा खेळ बॅटनच्या देवाणघेवाणीचा. घेणारीने मागे बघत बसायचं नसतं. तिच्या मागे जमिनीवर चुन्याची एक खूण असते. येणारीचा पाय त्या खुणेवर पडला की हिने मान पुढे वळवून धूम ठोकायची. खूण जवळ पडली तर येणारी पाठीवर आदळते. लांब पडली तर घेणारी निघून जाते आणि मागची बॅटन पुढे करून धावत बसते. हे अंतर आम्ही पावलांनी मोजतो. चालण्याच्या पावलांनी नव्हे, एका पायाच्या अंगठ्याला दुसऱ्याची टाच चिकटवत. मी तिन्ही खुणा माझ्याच पायांनी मोजायचे, म्हणजे मुलींना अंग गरम करायला वेळ मिळायचा. वहीत लिहिलं होतं : पहिला बदल २३ पावलं, दुसरा २१, तिसरा साडेबावीस. त्या साडेबावीसमधल्या अर्ध्या पावलासाठी जिराफ आणि मी महिनाभर भांडलो होतो.

त्या वर्षी माझ्या मुलींनी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत सुवर्णपदक आणलं आणि विक्रम केला. तो एकतीस वर्षं टिकला. परत आल्यावर साहेबांनी वही मागून घेतली, "फाइलला लावतो" म्हणाले. मीही दिली. आठ दिवसांनी संघाची अधिकृत यादी फलकावर लागली. प्रशिक्षक म्हणून शिट्टीसाहेब. माझ्या नावापुढे 'महिला व्यवस्थापक'. म्हणजे पिशव्या सांभाळणारी, पाण्याच्या बाटल्या भरणारी, आणि मुलींना वेळेवर झोपवणारी.

मी विचारायला गेले तर म्हणाले, "अहो, कागदावरचं काय एवढं मनावर घेता? आपण सगळे एकच ना!"

कागदावरचं काय असतं ते मला नऊ वर्षांनी कळलं. त्याच सुवर्णपदकाच्या जोरावर ते विद्यापीठात गेले आणि त्यांच्या जागेसाठी मी अर्ज केला. मुलाखत घ्यायला तेच बसले होते. "पदक मिळवलेल्या संघाला प्रशिक्षण दिल्याचा अनुभव?" एकाने विचारलं. मी रिले सांगितली. साहेबांनी फाइल उघडली, यादीवर बोट ठेवलं आणि गोड हसून म्हणाले, "इथे तर व्यवस्थापक लिहिलंय, बाई."

ती जागा त्यांच्या व्हॉलीबॉलच्या एका चेल्याला मिळाली. मला ती मिळाली निवृत्तीला चार वर्षं उरल्यावर, तीही चेल्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून. आमचे हे म्हणायचे, "सोडून दे आता." हे गेले, पण मी काही सोडलं नाही.

तर समारंभाची स्मरणिका निघणार होती आणि तिची मुद्रितं तपासायला माझ्याकडे दिली. जुन्या बाई, शुद्धलेखन चांगलं. त्यात साहेबांचा लेख होता, 'सुवर्णपदकाची पायाभरणी'. वाचता वाचता एका वाक्यावर मी थांबले : "मी स्वतः पहिल्या बदलाला तेवीस पावलं चालत मागे जाई व खूण करी."

चालत मागे जाई!

माझी वही त्यांनी वाचली होती, पण पाऊल म्हणजे काय ते त्यांना कळलं नव्हतं. एक्केचाळीस वर्षांत कुणाला विचारावंसंही वाटलं नव्हतं. मी लेखातले तीन स्वल्पविराम आणि दोन वेलांट्या दुरुस्त केल्या, आणि ते वाक्य होतं तसं छापायला दिलं.

समारंभ समितीच्या पुढच्या बैठकीत मीच सुचवलं की, नुसती भाषणं काय करायची? साहेबांनी आपल्या हाताने पहिली खूण करून द्यावी, आणि आताच्या मुलींनी त्यावर धावून दाखवावं. सगळ्यांना कल्पना आवडली. साहेबांना तर फारच.

समारंभ सकाळी दहाला होता. जुने खेळाडू, कितीतरी कॉलेजांचे प्रशिक्षक, माझ्या चौघी. जिराफ आता आजी झाली आहे, पण मांडवात शिरताना तिला अजून वाकावं लागतं. नामफलकावर निळा पडदा होता.

साहेबांचं वय ब्याऐंशी, पण चाल ताठ. हातात चुन्याचा डबा घेऊन ते पट्टीवर उतरले. निवेदकाने माइकवरून मोजायला सुरुवात केली आणि सगळी मुलं त्याच्यामागे ओरडू लागली, "एक! दोन! तीन!" साहेब चांगल्या लांब ढांगा टाकत निघाले.

माझ्या शेजारी आताची प्रशिक्षिका बसली होती, तिशीची पोर. ती सातव्याला पुढे सरकली. "बाई, सर चालतायत! पावलं म्हणजे तर—" ती उठायला लागली. मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

"मोजू दे त्यांना."

तिने माझ्याकडे बघितलं आणि पाठ टेकून बसली. हुशार आहे.

बाराव्याला प्रशिक्षकांच्या रांगेतून आवाज येईनासा झाला. अठराव्याला कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. तेवीस ढांगा झाल्या तेव्हा साहेब इतक्या लांब पोचले होते की निवेदकाने विचारलं, "सर, तिकडून आम्ही दिसतोय ना?"

बॅटन घेणारी मुलगी गोंधळली. "सर, तिथून? मी निघाले तर ही मला गाठणार कधी?"

"याच खुणेवर तुमच्या आधीच्या मुलींनी सुवर्णपदक आणलंय," साहेब माइकवर म्हणाले. "धावा!"

धावल्या. मागचीचा पाय खुणेवर पडला, पुढची सुटली ती सुटलीच. मागची हात लांब करून "अगं थांब, थांब की!" ओरडत राहिली. बॅटन द्यायची हद्द संपली, पुढची थांबली, आणि अख्खा मांडव हसला.

साहेबांनी माइक हातात घेतला. "आजकालच्या मुलींच्यात दम नाही, दुसरं काय!"

मला वाटलं होतं आपल्यालाच उठावं लागेल. पण जिराफ उठली.

"दम आहे, सर. खूण चुकलीय."

"तेवीस मोजली. सगळ्यांनी मोजली."

"तेवीस कशाची?"

"पावलांची!"

"कुणाच्या पावलांची, सर?"

साहेबांनी खाली आपल्या बुटांकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर मला जे दिसलं ते मी अजून रोज एकदा आठवते. लाज वाटत नाही सांगायला.

"बाई," जिराफने हाक मारली, "या जरा."

मी गेले. चपला काढल्या, प्रशिक्षिकेचा दंड धरला आणि टाचेला अंगठा लावत तेवीस मोजली. या वेळी ओरडलं कुणीच नाही. खूण साहेबांच्या खुणेच्या निम्म्याहून अलीकडे आली. खरं तर या मुलींचा वेग वेगळा, त्यांना बावीस पुरली असती. पण त्या पुन्हा धावल्या आणि बॅटन हातात बसलं. जरा घासून, पण बसलं. माझ्या चौघी टाळ्या वाजवत होत्या आणि धाकटी रडत होती. ती तेव्हाही कशावरूनही रडायची.

पडदा काही उघडला नाही. प्राचार्याबाईंनी पाहुण्यांना अल्पोपहाराकडे वळवलं.

तिसऱ्या दिवशी शिट्टीसाहेब माझ्या दारात उभे. एकटेच आले होते, दोन जिने चढून, धापा टाकत.

"बाई, समितीला चार ओळी लिहून द्या. आपण दोघांनी मिळून केलं म्हणून. दोघांची नावं लागू देत, माझी हरकत नाही."

"तुमची हरकत नाही?"

"म्हणजे तसं नव्हे... अहो, या वयात मला लोकांना तोंड दाखवायची चोरी झालीय. नातू विचारतो, आजोबा, तुम्ही खोटं बोललात का?"

"मग काय सांगितलंत?"

त्यांनी रुमाल काढून कपाळ पुसलं.

"सर, मला मुलाखतीत तुम्ही एक प्रश्न विचारला असतात तर पुरलं असतं. पावलं कशी मोजता, एवढाच. मी सांगितलं असतं. तुम्हालाही कळलं असतं."

"चूक झाली. आता मोठ्या मनाने—"

"माझं मन मोठं नाही."

आतून सून म्हणाली, "आई, बसायला तरी सांगा त्यांना." मी सांगितलं नाही. ते कठड्याला धरून उतरायला लागले. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकत. सुनेने त्यांना खाली पोचवलं. वर येऊन ती माझ्याशी बोलली नाही, संध्याकाळपर्यंत बोलली नाही. तिचं बरोबर असेल. मी छत्तीस वर्षं तिच्यासारखंच बरोबर वागून बघितलं होतं.

त्याच दुपारी मी पत्र लिहिलं. रिले संघाची प्रशिक्षक मी होते, साक्षीला चौघींच्या सह्या; फोन करून बोलावलं तर तासाभरात आल्या. मूळ यादीत दुरुस्ती व्हावी. धावपट्टीला नाव द्यायचंच असेल तर माझं द्यावं. हो, माझंच. उगाच लाजत कशाला बसायचं?

असली पत्रं टपालात टाकायची नसतात. समितीला एक दिवस मिळाला की कुणीतरी "दोघांचा मान राखू या" म्हणतं, आणि मग सगळं मऊ पडतं. मी रिक्षा करून कॉलेजात गेले. आवकजावक खिडकीवरचा लिपिक माझ्याच काळात लागलेला. त्याने पत्र सावकाश वाचलं, सह्या बघितल्या, चष्मा वर केला.

"बाई, यात साहेबांचं नाव कुठेच नाही."

"नाही."

"खाली कुठेतरी? मार्गदर्शक वगैरे? बरं दिसेल."

"कुठेच नाही. आवक क्रमांक टाक आणि शिक्का मार. आणि पोच माझ्या हातात दे, मी थांबलेय."

त्याने शिक्का मारला.